पळस्पे फाटा ते न्हावा-शेवा

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की पळस्पे फाट्यावर गाडी हमखास अडकते. पुण्याकडचा जुना रस्ता, गोव्याचा रस्ता आणि न्हावा-शेवा बंदराकडे जाणारा रस्ता इथे एकत्र येतात आणि तिन्हींवर कंटेनरच्या ट्रेलरची रांग लागलेली असते. पेटीत काय आहे हे ट्रेलर चालवणाऱ्याला ठाऊक नसते. त्याच्या हातात एक कागद असतो, पेटीच्या दाराला एक सील असते. कागद खरा असेल तर सगळे ठीक. कागद खोटा असेल तर त्याच रस्त्याने कुणाच्या तरी क्षेपणास्त्राचा भागही जाऊ शकतो.

या फाट्याला शस्त्रांचा आणि त्यांच्यावरच्या बंदीचा इतिहास जुना आहे. १८७९च्या मे महिन्यात दौलतराव नाईक आणि त्यांचे रामोशी साथीदार घाट उतरून आले आणि त्यांनी पळस्पे व आसपासच्या वस्तीत धनिकांची घरे लुटली. लूट दीड लाखाच्या घरात होती असे सांगतात. ती घेऊन घाटमाथ्याकडे परतत असताना मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठले आणि दौलतराव गोळी लागून पडले. सरकारदप्तरी हा दरोडा ठरला. ज्यांच्या नावाने तो घातला गेला, ते वासुदेव बळवंत फडके पळस्प्यापासून हाकेच्या अंतरावरच्या शिरढोणचे.

फडक्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५चा. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि घराण्याकडे आठवणी उरल्या. शिरढोणच्या शिवारातून कर्नाळ्याचा सुळका दिसतो. तो रोज पाहत हा मुलगा वाढला. पुढे पुण्यात लष्करी हिशेबखात्यात कारकुनी करताना त्यांनी लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत हत्यार चालवायला शिकून घेतले. १८७६ ते १८७८च्या दुष्काळात दख्खनची गावे माणसांनी ओस पडताना त्यांनी पाहिली. २० फेब्रुवारी १८७९ रोजी पुण्याजवळ लोणीच्या बाहेर मूठभर सोबती घेऊन त्यांनी बंड पुकारले. रामोशी, कोळी, धनगर त्यांच्या बाजूला आले, पण सावकार आणि सरदार आले नाहीत. माणसांना पगार द्यायचा आणि हत्यारे जमवायची तर पैसा हवा, आणि पैशासाठी धामारीपासून पळस्प्यापर्यंत लूट करावी लागली.

हत्यारे जमवणे इतके अवघड का होते, याचे एक उत्तर या बंडाच्या अकरा महिने आधी कलकत्त्यात लिहिले गेले होते. मार्च १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या सरकारने हत्यारांचा कायदा केला. परवान्याशिवाय शस्त्र बनवणे, विकणे, परदेशातून आणणे, बाहेर पाठवणे, अंगावर घेऊन फिरणे हे सगळे गुन्हा ठरले. शस्त्राच्या व्याख्येत बंदूक आणि तलवार तर होतीच, भाला आणि धनुष्यबाणही होते. पनवेलच्या डोंगरपट्ट्यातल्या कातकरी-ठाकरांच्या खांद्यावर पिढ्यान्‌पिढ्या असलेली वस्तू कायद्याच्या पुस्तकात संगिनीच्या शेजारी जाऊन बसली.

१८५७नंतरही असे कायदे झाले होते. १८७८च्या कायद्याचे डंख वेगळे होते, आणि ते त्याच्या सवलतींत होते. नियमांनी युरोपियनांना परवान्यातून मोकळे ठेवले. कोडगूच्या लोकांना त्यांच्या राजनिष्ठेबद्दल सूट मिळाली. बाकीच्या बहुतेकांनी, मग तो रानडुकरांपासून भाताचे शेत राखणारा शेतकरी असो की गावचा इनामदार, मामलेदाराच्या कचेरीत अर्ज घेऊन उभे राहायचे. काँग्रेसने १८८७च्या मद्रास अधिवेशनातच हा कायदा सैल करण्याची मागणी केली आणि पुढे ती पुन्हा पुन्हा केली. अहिंसेचे व्रत घेतलेल्या गांधीजींनीही १९१८ मध्ये इंग्रजांच्या काळ्या कृत्यांत या कायद्याला सर्वांत वरचे स्थान दिले. सगळ्या देशाला निःशस्त्र करणारा कायदा त्यांना सहन होत नव्हता.

फडके जुलै १८७९ मध्ये विजापूरकडच्या देवर नावडगी इथे पकडले गेले. पुण्यात खटला चालला, सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, त्यांच्या बचावाला उभे राहिले. शिक्षा जन्मठेप काळ्या पाण्याची, ठिकाण एडन. फेब्रुवारी १८८३ मध्ये कोठडीचे दार बिजागरीतून उचकटून ते तुरुंगाबाहेर पडले, पुन्हा पकडले गेले, अन्न सोडून १७ फेब्रुवारीला त्यांनी देह ठेवला. ज्या कायद्याने त्यांचे हात बांधले होते, तो त्यांच्यानंतर पाऊणशे वर्षे टिकला. स्वतंत्र भारताने त्याच्या जागी नवा कायदा आणला तो १९५९ मध्ये.

फडक्यांच्या काळचे पनवेल बंदर होते. खाडीतून मचवे आणि पडाव येत, तांदूळ आणि मीठ उतरत असे, आणि बोरघाट चढणाऱ्या बैलगाड्यांची इथे रीघ असे. गाड्यांची चाके हा गावचा नावाजलेला धंदा होता. देशावर जाणाऱ्या गाड्यांना पनवेलची चाके असत अशी नोंद इंग्रजांच्या गॅझेटियरात आहे. चाकावरून तांदूळही घाट चढत असे आणि पलटणीचा दारूगोळाही. चाक बनवणाऱ्या सुताराला तो काय वाहून नेणार आहे हे कुणी विचारले नाही. हा प्रश्न कायद्याच्या तोंडी यायला आणखी शंभर वर्षे लागली.

तो आला खाडीच्या पलीकडच्या तीरावरून. पनवेलची खाडी जिथे ठाण्याच्या खाडीला मिळते, तिथून समोर पाहिले की तुर्भ्याची, म्हणजे ट्रॉम्बेची, टेकडी आणि तिच्या पायथ्याशी अणुभट्टीचा पांढरा घुमट दिसतो. १९५४ मध्ये इथे अणुऊर्जा आस्थापन सुरू झाले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही भट्टी पेटली, आणि १९६० मध्ये कॅनडाच्या मदतीने बांधलेली ‘सायरस’. तिच्यासाठी लागणारे जड पाणी अमेरिकेने दिले होते. करारात शब्द होता शांततेच्या उपयोगाचा. १९६४ मध्ये होमी सेठनांच्या देखरेखीखाली तुर्भ्यातच प्लुटोनियम वेगळे काढण्याचा कारखाना उभा राहिला. सायरसमध्ये जळालेल्या इंधनातून निघालेले प्लुटोनियम १८ मे १९७४ रोजी पोखरणच्या वाळूखाली फुटले.

भारताने त्याला शांततामय स्फोट म्हटले. कॅनडाने ते मानले नाही. काही दिवसांतच त्यांनी मदत थांबवली, आणि वर्षभराने लंडनमध्ये अणुसामग्री पुरवणारे देश गुप्तपणे एकत्र बसले. कुणाला काय विकायचे नाही याची त्यांनी यादी केली. आज ज्याला अणुपुरवठादार गट म्हणतात तो हाच. तुर्भ्याच्या एका भट्टीमुळे जगाच्या व्यापाराला एक नवे फाटक बसले, आणि ते ज्यांच्या तोंडावर प्रथम लावले गेले ते आपणच होतो.

अमेरिकेने तर कायदेच केले. १९७६ आणि १९७७ मध्ये सिमिंग्टन आणि ग्लेन या दोन सिनेटरांच्या दुरुस्त्यांनी अणुतंत्रज्ञान पसरवणाऱ्या देशांची आर्थिक आणि लष्करी मदत तोडण्याची तरतूद केली. १० मार्च १९७८ रोजी अध्यक्ष कार्टर यांनी अण्वस्त्रप्रसारबंदीच्या कायद्यावर सही केली. लिटनच्या कायद्याला त्याच महिन्यात शंभर वर्षे पूर्ण होत होती. आपल्या साऱ्या अणुकेंद्रांची दारे आंतरराष्ट्रीय तपासणीला उघडणार नाही त्या देशाला अमेरिकेकडून अणुइंधन मिळणार नाही, असे या कायद्याचे सांगणे होते. जुळवून घ्यायला दोन वर्षांची मुदत होती.

घाव बसला तारापूरला. मुंबईच्या उत्तरेकडचे हे केंद्र अमेरिकन कंपनीने बांधले होते, १९६९ पासून ते महाराष्ट्र आणि गुजरातला वीज देत होते. १९६३च्या कराराप्रमाणे तीस वर्षे अमेरिकेने इंधन पुरवायचे आणि भारताने तिथे अमेरिकेचेच इंधन वापरायचे, असे ठरले होते. तारापूरची तपासणी भारताने कधीच नाकारली नव्हती. नव्या कायद्याचा आग्रह तुर्भ्यासह सगळ्या केंद्रांचा होता. आंतरराष्ट्रीय करार मोठा की एका देशाने नंतर केलेला घरचा कायदा मोठा, असा हा पेच. मे १९८० मध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने पाच विरुद्ध शून्य मतांनी इंधन नाकारले. कार्टरनी तो निर्णय बाजूला सारला, प्रतिनिधिगृहाने कार्टरना विरोध केला, आणि सप्टेंबरमध्ये सिनेटने ४८ विरुद्ध ४६ मतांनी सुमारे ३८ टन इंधनाला वाट करून दिली. तारापूरचे दिवे वॉशिंग्टनमधल्या दोन मतांवर तगले.

१९८२ मध्ये इंदिरा गांधी आणि रेगन यांनी मधला मार्ग काढला आणि इंधन फ्रान्सकडून येऊ लागले. फ्रान्सचे थांबल्यावर चीनकडून आले, नंतर रशियाकडून. दरम्यान तुर्भ्याच्या शास्त्रज्ञांनी प्लुटोनियम मिसळलेले इंधन स्वतः तयार करून तारापूरच्या भट्टीत घातले. जळालेले इंधन अमेरिकेने परत नेले नाही आणि भारताला त्यावर प्रक्रियाही करू दिली नाही. ते वर्षानुवर्षे तारापूरच्या तळ्यांत साठत राहिले. बंदीच्या कायद्याची ही बाजू सहसा सांगितली जात नाही. नाकारणारा दूर असतो, आणि नाकारण्यातून उरलेले सांभाळणारे किनाऱ्यावर राहतात.

१८७८चा कायदा माणसाची कातडी पाहत होता. नंतरची व्यवस्था तारीख पाहत होती. अण्वस्त्रप्रसारबंदी कराराने १ जानेवारी १९६७च्या आधी ज्यांनी स्फोट केला त्या पाच देशांना अण्वस्त्रधारी मानले, बाकीच्यांना कायमचे वगळले. भारताने या करारावर सही केली नाही ती याच भेदामुळे, आणि ही भूमिका समजून घ्यायला ज्याला परवान्याच्या रांगेतला शेतकरी आठवतो त्याला फार कष्ट पडत नाहीत. तरीही दोन्ही गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत. रानडुकराला भिववणारी बंदूक वेगळी, आणि शहर भस्म करणारा बॉम्ब वेगळा. दुसऱ्याचा प्रसार थांबायलाच हवा. पेच एवढाच की थांबवणाऱ्याने स्वतःला त्यातून वगळले तर त्याचे कोण ऐकणार.

बंदीने उशीर होतो, हे मात्र खरे. कधी उशिरातून काही उभेही राहते. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने भारताला हवा तो शक्तिशाली क्रे महासंगणक दिला नाही. हवामानाच्या अंदाजासाठी कमी ताकदीचा दिला. तेव्हा बोरघाटाच्या वर पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. ११ आणि १३ मे १९९८च्या अणुचाचण्यांनंतर ग्लेन दुरुस्तीचे सगळे निर्बंध एकदम लागू झाले. नोव्हेंबरात अमेरिकेने काढलेल्या निर्यातबंदीच्या यादीत भाभा अणुसंशोधन केंद्राचे नाव आले. निर्बंधांचा मोठा भाग सप्टेंबर २००१ मध्ये उठला. तुर्भ्याचे नाव मात्र यादीत राहिले.

ऐंशीच्याच दशकात खाडीच्या अलीकडे एक नवे बंदर उभे राहत होते. उरण-पनवेल पट्ट्यातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी सिडकोने घेतल्या, तेव्हा जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले. गोळीबार झाला, पाच जणांनी प्राण दिले. विकसित जमिनीत शेतकऱ्याचा वाटा हा नियम पुढे याच लढ्यातून आला. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, आणि पाहता पाहता देशातले कंटेनर सर्वांत जास्त इथेच उतरू लागले. पनवेलचे मचव्यांचे बंदर कधीच गाळाने भरले होते. आता पळस्प्यापासून नव्या बंदरापर्यंतचा रस्ता नुसत्या पेट्यांनी भरला.

बंदर आणि कायदा यांच्यामध्ये एक माणूस उभा असतो, हे याच रायगडच्या किनाऱ्याने १९९३ मध्ये भयंकर रीतीने शिकवले. जानेवारी-फेब्रुवारीत दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर शस्त्रे आणि आरडीएक्स उतरले. कायदा होता, चौकी होती, गस्त होती. ज्यांनी अडवायचे त्यांतले काही जण विकले गेले होते. पुढे न्यायालयाने कस्टमच्या अधिकाऱ्यांनाही दोषी ठरवले. १२ मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मेली.

जगाला जाग आणणारी पेटी वेगळ्याच समुद्रात सापडली. ऑक्टोबर २००३ मध्ये लिबियाकडे निघालेले ‘बीबीसी चायना’ हे जहाज इटलीच्या तारांतो बंदरात वळवले गेले, आणि त्यातून युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजचे भाग निघाले. पाकिस्तानच्या अब्दुल कादीर खान यांचे अणुसामग्रीच्या चोरट्या व्यापाराचे जाळे उघडे पडले. २८ एप्रिल २००४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १५४० केला आणि प्रत्येक देशाला असा व्यापार रोखणारा कायदा करण्यास बांधले.

भारताने तो २००५ मध्ये केला. सामूहिक संहाराची शस्त्रे आणि त्यांची वहनसाधने यांविषयीचा हा कायदा. ज्या देशाने तीस वर्षे फाटकाबाहेर उभे राहून काढली, तो आता स्वतःच्या बंदरावर फाटक लावत होता. गंभीर गुन्ह्याला किमान पाच वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा. नुसती निर्यातच नाही, तर देशाच्या बंदरातून पुढे जाणारा माल आणि त्याची दलालीही कायद्याच्या कक्षेत. नियंत्रित वस्तूंच्या यादीत नाव नसलेली वस्तूही, ती कशासाठी चालली आहे हे पाठवणाऱ्याला ठाऊक असेल तर, गुन्ह्याची वस्तू. २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन अशा कामाला पैसा पुरवणेही त्यात आले. यादीला निर्यातदार ‘स्कोमेट’ म्हणतात. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतून रसायन किंवा यंत्राचा भाग बाहेर पाठवणाऱ्यांना हा शब्द माहीत करून घ्यावा लागतो, कारण एखादा पंप, एखादी झडप किंवा एखादे रसायन औषधाच्या कारखान्यालाही लागते आणि विषारी वायूच्याही.

या दुहेरीपणाचे सर्वांत नेमके उदाहरण म्हणजे लेथ. कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलेला पोरगा सुरुवातीला लेथवर उभा राहतो आणि पुढे संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर जातो. हातातला जॉब मोटारीच्या इंजिनाचा असो की रॉकेटच्या आवरणाचा, मशीनला फरक नसतो. फरक असतो तो किती अक्षांवर आणि किती सूक्ष्म मापात ती धातू कापते यात. १९८७ मध्ये उघड झाले की जपानच्या तोशिबा मशीनने आणि नॉर्वेच्या कोंग्सबर्गने सोव्हिएत संघाला नऊ अक्षांची यंत्रे विकली होती. पाणबुडीचा पंखा त्यावर इतका गुळगुळीत कापता येत होता की तिचा आवाज पाण्यात फार कमी होत असे. अमेरिकेच्या संसदेसमोर चिडलेल्या सदस्यांनी तोशिबाचा रेडिओ हातोड्यांनी फोडला आणि पुढच्या वर्षी कायदा करून तोशिबा मशीनवर निर्बंध घातले.

२३ जानेवारी २०२४ रोजी न्हावा-शेव्यात माल्टाचा झेंडा लावलेले ‘सीएमए सीजीएम अटिला’ हे जहाज लागले होते. चीनमधून कराचीकडे निघालेले. गुप्तवार्ता हाती आल्यावर कस्टमने त्यातला एक माल उतरवून उघडला. आत इटलीत बनलेले सीएनसी यंत्र होते. मालाचे वजन २२,१८० किलो. कागदावर पाठवणारी कंपनी शांघायची आणि घेणारी सियालकोटची होती. अधिकाऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे खरा पाठवणारा आणि खरा घेणारा दोन्ही वेगळे निघाले. त्या खऱ्या घेणाऱ्यावर भारताची नजर मार्च २०२२ पासून होती, कारण त्याच्याकडे निघालेली इटालियन उपकरणे तेव्हाही याच बंदरात अडवली गेली होती. संरक्षण संशोधन संस्थेच्या पथकाने यंत्र तपासले आणि ते क्षेपणास्त्राचे महत्त्वाचे भाग घडवायला वापरता येईल असा निर्वाळा दिला. वासेनार करार नावाची जी बहुदेशीय व्यवस्था आहे तिच्या यादीत अशी यंत्रे १९९६ पासून आहेत, आणि भारत २०१७ पासून तिचा सदस्य आहे.

बातमी मार्चमध्ये बाहेर आली. पाकिस्तानने सांगितले की ती मोटारींचे सुटे भाग पुरवणाऱ्या कराचीच्या एका व्यापाऱ्याची साधी लेथ होती, आणि भारत मुक्त व्यापारात आडकाठी करत आहे. २०२० मध्ये कांडला बंदरात अडवलेल्या ‘दा कुई युन’ जहाजावरच्या यंत्राबद्दल चीननेही ती साधी भट्टी असल्याचे म्हटले होते. अशा वेळी कुणाचा शब्द मानायचा? उत्तर यंत्रात सापडत नाही. ते कागदांत असते. साधी लेथ घेणाऱ्याला आपले नाव दुसऱ्याच्या नावामागे लपवावे लागत नाही. न्हावा-शेव्याच्या माणसांनी जे पकडले ते हे लपवणे, आणि त्यांनी ते नीट पकडले असे म्हणायला हवे. हजारो पेट्यांतून एक ओळखणे हे बातमीत दोन ओळींत मावते. गोदीत त्यासाठी डोळ्यांत तेल घालून बसावे लागते.

कायदा चुकतोही. सप्टेंबर २००४ मध्ये अमेरिकेने इराणविषयीच्या अण्वस्त्रबंदी कायद्याखाली भारताच्या अणुऊर्जा महामंडळाच्या दोन माजी प्रमुखांवर निर्बंध घातले. भारताने निषेध केला. त्यांतल्या एकावरचे निर्बंध पुढच्या वर्षाच्या अखेरीस मागे घ्यावे लागले. आयुष्यभर वीजकेंद्रे चालवलेल्या माणसाचे नाव अशा यादीत पडते तेव्हा त्याला उत्तर देण्याची सोय त्या कायद्यात जवळजवळ नसते. भारताने स्वतःचा कायदा वापरताना ही गोष्ट विसरू नये. तळोज्याचा एखादा लहान कारखानदार अजाणता चुकला आणि एखाद्या व्यापाऱ्याने जाणूनबुजून नाव बदलले, तर दोघांना एका पिंजऱ्यात उभे करणारा कायदा लिटनच्या वाटेनेच जाईल.

‘अटिला’ अडवल्याला वर्ष होत होते तेव्हा, जानेवारी २०२५ मध्ये, अमेरिकेने आपल्या निर्यातबंदीच्या यादीतून तीन भारतीय नावे काढली. कल्पक्कमचे इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र, इंडियन रेअर अर्थ्स आणि तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र. सव्वीस वर्षांनी खाडीपलीकडच्या त्या घुमटाला मोकळीक मिळाली. सायरस भट्टी तोवर बंद होऊन चौदा वर्षे झाली होती. शिरढोणला फडक्यांचे स्मारक आहे. त्याच्याजवळून गोव्याच्या रस्त्याने रात्रभर ट्रेलर जातात, पळस्प्याला बंदराकडे वळतात आणि गोदीच्या फाटकाशी कागद दाखवायला थांबतात.